फाटक रिकामं होईपर्यंत

मासळीच्या घाऊक बाजारात त्याला सगळे खवल्या म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्यानं ते उगाच पाडलं नव्हतं. कितीही घासूनपुसून निघाला तरी त्याच्या अंगावर कुठेतरी एखादं खवलं चिकटलेलं राहायचंच. कधी कानामागे, कधी मनगटावर, कधी थेट भुवईत. उन्हात ते चमकायचं आणि समोरचा माणूस बोलता बोलता तिकडेच बघत राहायचा.

काम त्याचं हॉटेलवाल्यांचा माल साफ करून द्यायचं. उजाडायच्या आधीच बर्फाच्या पेट्या उतरायच्या, आणि मग रबरी बूट, एप्रन आणि सुरी. खवले काढायचे, कल्ले उपटायचे, पोट चिरायचं, तुकडे पाडायचे. हात चलाख होता, तोंड त्याहून चलाख. बाजारात त्याच्या ओट्याभोवती हसणं चालूच असायचं. तिथे कुणी नाक मुरडत नसे, कारण सगळ्यांच्याच अंगाला तो वास. जिथे सगळेच भिजलेले, तिथे ओल्याला ओला कोण म्हणणार?

घरी बायको, आई आणि मुलगी. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत, ती पहाटेच निघायची. आई म्हणजे खणखणीत बाई. तिसऱ्या मजल्यावर राहून पाण्याची भरलेली बादली एका हातानं वर आणणारी. सकाळी ती वरच्या मजल्यावरच्या एका नोकरदार जोडप्याचं तान्हं बाळ सांभाळायला जायची. त्याआधी नातीला उठवून, न्हाऊ घालून, वेण्या घालून, दप्तर पाठीला लावून दारात उभी करायची. तेवढ्यात खवल्या बाजारातून यायचा, शर्ट बदलायचा आणि मुलीचं बोट धरून खाली उतरायचा. शाळेत पोचवायचं काम त्याचं. मुलगी पहिलीत होती. तिला सगळे ठकी म्हणत.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. फाटकापाशी घंटेच्या आधी आईबापांची ही गर्दी जमायची. कुणी मुलाच्या बुटाची नाडी बांधतंय, कुणी डबा विसरला म्हणून कपाळावर हात मारतंय. खवल्या त्यातच उभा राहायचा. तो बाजारातल्या नळावर साबणानं हात धुवायचा, वर लिंबू चोळायचा आणि समजायचा की झालं, गेला वास.

एके दिवशी एका बाईच्या कडेवरच्या लहानग्यानं नाक चिमटीत धरलं आणि आनंदानं ओरडला, “मासा! मासा!” बाई ओशाळली, त्याला गप्प करत दोन पावलं मागे सरली. शेजारी मोटार चालवायला शिकवणारा एक गृहस्थ उभा होता. मोठ्या आवाजाचा, सगळ्यांशी बोलणारा. तो म्हणाला, “उद्यापासून फाटकावर मांजरांची रांग लागणार बघा!”

लोक हसले. त्यात काही विष नव्हतं. पण सगळ्यांत मोठ्यानं हसला तो खवल्याच. बाजारात असं कुणी बोललं असतं तर त्यानं त्याला उभा सोलला असता. इथे मात्र त्याला हसण्यापलीकडे काही सुचलंच नाही. हसता हसता त्याचं लक्ष खाली गेलं. ठकी मान वर करून बघत होती. आधी त्याच्याकडे, मग लोकांकडे. आणि मग बाबा हसतायत म्हणून तीही हसली.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं अंगाची साल निघेपर्यंत आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी तो ठकीला घेऊन वेळेवर निघाला, शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी आला, फाटकावरची गर्दी पाहिली आणि त्याचे पायच थबकले.

कोपऱ्यावर एक फोटो स्टुडिओ होता. त्याचं शटर उशिरा उघडायचं. तिथल्या पायरीवर तो ठकीला घेऊन बसला.

“बाबा, का थांबलो?”

“गर्दी ओसरू दे. धक्काबुक्की होते.”

शटरशेजारच्या काचेत फोटो लावलेले होते. एक नवरी, एक टकलं बाळ, एक मिशीवाले आजोबा. ठकी त्यांना नावं ठेवत बसली. घंटा झाली. मुलं आत गेली. पालक पांगायला लागले तसा खवल्यानं शटरकडे तोंड केलं आणि फोटोंचे दर वाचत असल्यासारखं केलं. फाटक रिकामं झालं, मग दोघं पळत सुटले. ठकी पळण्यात पटाईत होती. त्या दिवशी फाटकावरच्या शिपाईमामांनी काही न बोलता सोडलं.

जे एकदा खपतं ते रोजचं होतं. पायरी ठरून गेली. गर्दी ओसरण्याचं कारणही पुढे सांगावं लागेना. ठकी आपण होऊनच तिथे बसायची आणि टकल्या बाळाला सांगायची, “आज पण रडू नकोस हं.” खवल्याला वाटे, पोरीला मजा येते. स्वतःच्या समजुतीसाठी माणूस काय काय मानून घेतो!

पण शाळेत रोज उशिरा येणारं मूल लपत नाही. एकदा वर्गाच्या बाईंनीच त्याला फाटकावर गाठलं. तरुण होत्या, आवाज मऊ होता. “रोज उशीर होतोय हो ठकीला. घरी काही अडचण आहे का?”

त्याच्या तोंडून निघून गेलं, “आई आजारी असते. तिचं सगळं करून निघावं लागतं.”

बाईंचा चेहरा एकदम निवळला. त्या कडक बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या कळवळल्या. आणि खोटं एकदा पचलं की त्याची भूक वाढते. आधी नुसती आजारी असलेली आई पुढे दम्याची झाली. मग तिला चक्कर यायला लागली. थंडीच्या दिवसांत ती न्हाणीघरात पडलीसुद्धा. इकडे खरी आई वरच्या बाळाला खांद्यावर टाकून जिने चढत-उतरत होती.

कधी मालाची गाडी उशिरा यायची आणि खवल्याला धड हात धुवायलाही वेळ मिळायचा नाही. त्या दिवशी तो ठकीला शाळेत न्यायचाच नाही. आई वर गेलेली असायची. दुपारी ती उतरून आली की सांगायचा, “आज शाळेला सुट्टी.” दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायचा, “ताप होता.” दोन्हीकडे खोटं, आणि मध्ये पोर.

वर्ष अर्धं सरल्यावर शाळेनं पालकांची सभा घेतली. विषय एकच होता, मुलांची हजेरी आणि वेळ. खवल्या जाऊन मागच्या उघड्या खिडकीपाशी बसला. मोठ्या बाई उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पहिलीतलं मूल आपण होऊन उशिरा येत नाही. त्याला कुणीतरी उशिरा आणतं. पहिला तास वाचनाचा असतो. रोज तेवढंच बुडालं तरी मूल मागे पडतं, आणि मागे पडलंय हे सगळ्यांत आधी त्याचं त्यालाच कळतं.” मग त्यांनी नवा नियम सांगितला. घंटेनंतर मूल आलं तर पालकांनी स्वतः वर्गाच्या दारापर्यंत यायचं आणि बाईंना कारण सांगायचं. मूल येणार नसेल तर सकाळीच शाळेला तसं कळवायचं.

त्या बोलत होत्या सगळ्यांना, पण चोराच्या मनात चांदणं. खवल्याला वाटलं, सगळी सभा आपल्याकडेच वळून बघतेय. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

सभा संपल्यावर वर्गाच्या बाई जवळ आल्या. “आजी कशा आहेत आता?”

“आहे तसंच.”

“एकदा येऊन बघून जाते मी त्यांना.”

“कशाला उगाच त्रास,” तो म्हणाला. लोक असं नुसतं म्हणतात, येतं कोण, असं समजून तो घरी आला.

बाई आल्या. आठवडाही गेला नसेल. दुपारची वेळ होती. खवल्या आतल्या खोलीत झोपला होता. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता. दारावरच्या थापेनं त्याला जाग आली, आणि पाठोपाठ तो मऊ आवाज ऐकू आला.

“ठकी इथेच राहते ना? आजींना भेटायला आले होते. उठू नका म्हणावं त्यांना, मीच आत जाते.”

“मीच आजी,” आई म्हणाली. “या ना बाई. जरा थांबा हं, ही गादी गच्चीतून उन्हातली आणलीय, तेवढी टाकते.”

गादी धपकन पडल्याचा आवाज आला. खवल्या डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडला होता.

“तुम्हाला आता बरं वाटतंय का?” बाईंनी जपून विचारलं.

“मला काय धाड भरलीय?”

“नाही, म्हणजे दमा... आणि परवा पडला होतात ना?”

“कोण पडलं?”

आई काही बुद्धू नव्हती. मुलाचं काहीतरी लफडं आहे, एवढं तिला तेवढ्या वेळात कळलं असावं. तिनं खोकायला सुरुवात केली. पण जन्मात कधी धड खोकला न झालेली बाई ती. तो खोकला कोंबडं आरवल्यासारखा निघाला.

“आजी, तू अशी का करतेस?” ठकीनं विचारलं.

बाईंनी पिशवीतून फळं काढली. सोबत वर्गातल्या मुलांनी मिळून काढलेलं चित्र होतं. पलंगावर आजी, डोळे मिटलेले, भोवती फुलं.

“ही मी?” आईचा आवाज आला. “अहो, ही तर गेलेलीच दिसतेय.”

“मी फुलं काढली,” ठकी घाईघाईनं म्हणाली. “आजी नाही काढली. आजी त्यांनी काढली.”

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. अख्खा वर्ग तिच्या धडधाकट आजीला आजारी रंगवत होता आणि ती बापाचं खोटं सांभाळत मुकाट्यानं फुलं काढत बसली होती. खवल्याला ते पडद्याआडून कळलं. त्याच क्षणी उठून बाहेर जायला हवं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण त्यानं डोळे मिटून घेतले. दोन पावलांवर त्याची म्हातारी आई त्याच्या वतीनं अब्रू सावरत होती आणि हा बापई गडी झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

“ठकी,” बाई म्हणाल्या, “मग रोज उशीर कशानं होतो गं?”

“उशीर नाही होत. आम्ही लवकर येतो. मग थांबतो.”

“थांबता? कुठे?”

“फोटोच्या दुकानापाशी. सगळ्यांचे आईबाबा जाईपर्यंत.” आणि मग, शाळेत उत्तर येत असलं की मुलं देतात तशा आवाजात, “बाबांना माशांचा वास येतो ना, म्हणून.”

पडद्याच्या या बाजूला खवल्या मेल्याहून मेल्यासारखा झाला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं माणसं म्हणतात. त्याला वाटलं, धरणी नको, निदान हे पांघरूण तरी आणखी जाड असायला हवं होतं.

बाई फार थांबल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे, आजी. पण वाचनात अडकायला लागलीय. तिचा पहिला तास तेवढा वाचवा.” आवाज पूर्वीइतकाच मऊ होता. पडद्याकडे बघून म्हणाल्या की आईकडे, ते त्याला कळलं नाही.

दार लागलं. आईनं पडदा सर्रकन बाजूला केला.

“ऊठ. झोपलेला नाहीस तू. लहानपणीसुद्धा सोंग घेतलंस की तुझ्या पापण्या हलायच्या.”

तो उठून बसला.

“धडधाकट बाईला अंथरुणावर टाकलंस. पाडलंस, मोडलंस, दमा लावलास. ते जाऊ दे, मी मरत नाही त्यानं. पण माझ्या हातून ही पोर एक दिवस उशिरा निघालेली नाही. एक दिवस! आणि तू तिला रस्त्यात बसवून ठेवतोस?” तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. “जनाची लाज फार बाळगलीस. थोडी मनाची बाळगायची होतीस.”

ठकी कोपऱ्यात उभी होती. आपण काहीतरी चुकीचं बोललो, एवढं तिला कळलं होतं. “मी नको होतं का सांगायला?” तिनं विचारलं. तो नुसता मान हलवत राहिला. त्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, तेही तिला धड कळू दिलं नाही त्यानं.

संध्याकाळी बायको आल्यावर आईनं सगळं सांगितलं. खवल्याला तिचीच जास्त धास्ती होती. बायकोनं ऐकून घेतलं. बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. दिवसभर तेच काम, घरी येऊनही तेच.

“तुला पण येतो ना वास?” शेवटी त्यानंच विचारलं.

“येतो की,” ती म्हणाली. “न यायला काय झालं? सवय होईल असं लग्नात वाटलं होतं, ती काही झाली नाही.” तिनं घडी गुडघ्यावर दाबून बसवली. “पण मला सांगायचं तरी होतंत. मी दोन दिवस उशिरा कामावर जाऊन तिला सोडून आले असते. तुम्हाला माझी पण लाज वाटली, याचं वाईट वाटतंय मला. वासाचं काय घेऊन बसलात?”

दुसऱ्या दिवशी खवल्या पक्कं ठरवून निघाला. आज थांबायचं नाही. नळावर दोनदा साबण लावला, दोनदा लिंबू चोळलं. ठकीचं बोट धरून गल्लीच्या तोंडाशी आला. समोर फाटक, गर्दी, त्या गर्दीत मोटार शिकवणाऱ्याचा मोठा आवाज. आणि पाय पुन्हा थबकले. काल एवढी शोभा होऊनही थबकले. ठकी सवयीनं पायरीवर जाऊन बसली. तिला उठवायची ताकद त्याला झाली नाही.

घंटा झाली. फाटक रिकामं झालं. दोघं पळाले.

या वेळी शिपाईमामांनी हात आडवा केला. “नुसतं पोरीला सोडून जायचं नाही आता. वर्गापर्यंत जा आणि बाईंना कारण सांगा. मोठ्या बाईंचा हुकूम आहे.”

“मामा, मी कामावरून आलोय. असा आत...”

“मग काय झालं? मी काय अत्तर लावून बसलोय?”

तो आत गेला. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना वर्ग, आतून मुलांचा एकसुरी आवाज. ठकी पुढे चालत होती. वर्ग जवळ आला तसं तिचं चालणं बदलत गेलं, ते त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्यावर उड्या मारत पळणारी पोर. तिनं पाठीवरचं दप्तर काढून छातीशी धरलं, हनुवटी त्यावर टेकवली. खांदे आत ओढून घेतले. चपला वाजू नयेत म्हणून टाचा उचलून चालायला लागली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज करून करून येत गेलं होतं.

दार लोटलेलं होतं. आत एक मुलगा उभा राहून मोठ्यानं वाचत होता. ठकीनं दार ढकललं. दार करकरलं. मुलगा वाचायचा थांबला आणि सगळ्या वर्गाच्या माना एकदम दाराकडे वळल्या.

खवल्या चौकटीपाशी थिजला. तेवढे सगळे डोळे! फाटकावर असतील त्याहून जास्त, आणि एकही डोळा दुसरीकडे नाही. ज्या नजरा चुकवायला आपण रोज त्या पायरीवर दडून बसतो, त्याच नजरांसमोर आपण रोज हिला एकटीला ढकलून देतो, आणि आपण मोकळे घराकडे जातो. कुणी कानाखाली वाजवावी तसं ते त्याला लागलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “आली, उशिराची गाडी आली!” वर्ग हसला. बाईंनी टेबलावर हात आपटला.

आणि ठकी हसली. दप्तरावरची हनुवटी न उचलता, सगळ्यांबरोबर, जरा जास्तच मोठ्यानं. ते हसू कुठून आलं ते खवल्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती आपल्या जागी जाऊन बसली. शेजारच्या मुलीनं पुस्तक सरकवलं. कुठली ओळ चाललीय ते ठकीला सापडेना. तिचं बोट पानावर वरून खाली फिरत राहिलं. बाई दारापाशी आल्या.

“कारण सांगायचंय ना,” तो खाली बघत म्हणाला.

“मला माहीत आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

“नाही, सांगतो. माझ्यामुळे झाला उशीर. आई बरी आहे माझी. कधी आजारी नव्हती.” त्यानं चौकट घट्ट धरली. “काल मी घरातच होतो. जागा होतो.”

“तेही माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “उद्या वेळेवर या.”

त्यात क्षमा होती की फटकार, ते त्याला समजलं नाही. दिवसभर त्याला झोप लागली नाही. आई समोर जेवणाचं ताट ठेवून वर निघून गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गल्लीच्या तोंडाशी आला. पायरी आली तशी ठकीनंच त्याचा हात ओढला.

“बाबा, अजून माणसं आहेत.”

“असू देत.”

“पण सगळे आहेत.”

“असू देत म्हटलं ना. चल.”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो तिला भलत्याच शाळेत नेतोय. तो चालत राहिला. फाटकाशी पोचला आणि उभा राहिला. थंडी होती तरी घाम फुटला होता, आणि घामानं वास आणखी वाढेल या विचारानं आणखी घाम फुटत होता. कडेवर मूल असलेली ती बाई होतीच. तिनं पदर नाकाशी नेला, की नुसता सारखा केला, देव जाणे. मोटार शिकवणाऱ्यानं मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, “अरे, बऱ्याच दिवसांनी? मला वाटलं शाळा बदललीत की काय.”

“नाही, इथेच होतो,” खवल्या म्हणाला. खोटं नव्हतं ते, पण खरं सांगताना मान मात्र वर झाली नाही.

घंटा झाली. ठकी आत गेली. दप्तर पाठीलाच होतं.

तेव्हापासून तो रोज वेळेवर जायला लागला. लोक चांगले झाले असं नव्हे. कुणी सरकायचं, कुणी नाही. मोटारवाल्यानं एकदा घरच्या मेजवानीसाठी मोठा मासा साफ करून द्याल का असं सगळ्यांदेखत विचारलं. खवल्यानं हो म्हटलं, दिलाही. त्यांची काही मैत्री झाली नाही. बरेच दिवस फाटकापाशी उभं राहिलं की खवल्याचे तळहात ओलसर व्हायचे. मालाची गाडी उशिरा आली तर तो तसाच, एप्रनचे डाग पँटवर घेऊन, वर्गाच्या दारापर्यंत जायचा आणि बाईंना सांगायचा, “माल उशिरा आला.” हे सांगताना कान तापायचे, पण ते कारण पुढे वाढवावं लागत नसे.

ठकीचं वाचन मात्र लगेच सुधारलं नाही. वर्षाच्या शेवटी इतर मुलं सरसर वाचत होती आणि ती अजून अक्षर-अक्षर जोडत होती. सुट्टीत बायको आणि आई तिला आळीपाळीनं घेऊन बसत. खवल्या दुपारी पडल्या पडल्या पडद्यामागून ऐकायचा. ती एखाद्या शब्दाशी अडखळली की तो श्वास रोखायचा. तो शब्द आपण बुडवलाय, असं त्याला वाटायचं. दुसरी अर्धी सरेपर्यंत ती अडखळायची थांबली, पण त्याची ती सवय काही गेली नाही. ती वाचायला लागली की तो अजूनही श्वास रोखायचा.

ठकी चौथीत गेली. एके दिवशी बंद फाटकाशी पोचल्यावर ती म्हणाली, “बाबा, उद्यापासून मी एकटी येऊ का?”

तो दचकला. “का गं?”

“अशीच. माझ्या मैत्रिणी एकट्या येतात.”

“बरं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्याचं कामात लक्ष नव्हतं. बोट कापून घेतलं, एवढ्या वर्षांत न घडलेली गोष्ट. आता मोठी झाली पोर. आता तिला कळतं. आता तिला आपण शेजारी नको. कुणी बोललं असेल तिला. कोण बोललं असेल? मग वाटलं, कुणी कशाला बोलायला हवं? लाजायचं कसं ते तिला आपणच तर शिकवलं.

ते मनात ठेवून गप्प बसणं त्याला जमलं असतं. गप्प बसण्यात तो पूर्वी पटाईत होता. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी आली, तेव्हा तो न झोपता पलंगावर बसून होता, बोटाला चिंधी बांधून.

“ठके, खरं सांग,” तो म्हणाला. “वासामुळे नको म्हणतेस का मला?”

ठकीनं दप्तर टाकलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग ती वैतागून म्हणाली, “नाही हो बाबा! तुम्ही किती लवकर नेता मला! मामांनी फाटक उघडलेलं पण नसतं. आपण दोघंच तिथे उभे. मला कंटाळा येतो.”

बाहेर जिन्यात आई बादली घेऊन चढत होती. तिनं ते ऐकलं आणि तिथूनच तिचं हसणं ऐकू आलं. खवल्या हसला नाही. पोर खरं सांगतेय की आपलं मन राखतेय, ते तिच्या चेहऱ्यावर शोधायचा त्यानं प्रयत्न केला. पण ती तोवर हात धुवायला गेली होती आणि नळाचं पाणी जोरात वाहत होतं.